घरखरेदी, गृहकर्ज आणि तुमची आर्थिक माहिती: संमतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहकर्जाच्या फायली लावून देणं हे आमचं रोजचं काम. कर्ज मिळेल का, हे लोक एकदा विचारतात. "हा कागद द्यायचा का?" आणि "इथे सही करू का?" हे मात्र दहा वेळा विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी बँकेला पगारपत्रकं आणि खात्याचे उतारे दिले. म्हणजे संमती दिलीच ना? वेगळी सही कशाला?

कागद देणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. उतारा दिलात, तर तो त्या कामापुरता पाहायला दिलात. संमतीपत्रावर सही केलीत, तर समोरच्याला तुमच्याबद्दल इतरांकडे चौकशी करायची मुभा मिळते: क्रेडिट ब्युरोकडे (लोकांची कर्जं आणि परतफेड यांची नोंद ठेवणारी कंपनी), तुम्ही नोकरी करता तिथे, दुसऱ्या बँकेकडे. काही वेळा तुमची माहिती पुढे तिसऱ्याला द्यायचीही.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण याच्या नेमकं उलट वागतात. कागद देताना घाबरतात आणि संमतीवर न वाचता सही करतात.

संमतीत चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणती माहिती, कोणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत. यातलं एखादं कोरं असेल तर सही करण्याआधी भरून घ्या.

२. घर घेताना नेमकं कोणाला काय दाखवावं लागतं? सगळेच सगळं मागतात.

कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा गृहवित्त कंपनीला उत्पन्नाचा पुरावा, खात्याचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रं, चालू कर्जांचा तपशील आणि क्रेडिट अहवाल लागतो. हे तिचं कामच आहे.

एजंटाला तुमचं बजेट कळलं की पुरे. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, त्याची नोंदणी असली तरी तुमचे उतारे ठेवायचा अधिकार त्यातून मिळत नाही. विकणाऱ्याला तुम्ही पैसे देऊ शकता एवढी खात्री हवी असते आणि त्यासाठी बँकेचं मंजुरीपत्र चालतं. त्यातला अर्ज क्रमांक आणि उत्पन्नाचा तपशील झाकून प्रत द्या, कुणी हरकत घेत नाही. बिल्डरला ओळखपत्र, पॅन आणि पैसे कुठल्या खात्यातून येणार हे लागतं. तुमच्या मुदत ठेवी किती, हे त्याला कळायचं कारण नाही.

वकिलाला मालमत्तेचे कागद लागतात, तुमच्या पगाराचे नाहीत.

३. अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात काय असतं?

'घोषणा' किंवा 'संमती' अशा मथळ्याखाली साधारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच सहीखाली आलेल्या असतात. पहिली, क्रेडिट ब्युरोकडून अहवाल मागवायची आणि पुढे तुमच्या परतफेडीची माहिती ब्युरोला द्यायची परवानगी. हिला पर्याय नाही, हिच्याशिवाय कर्ज होत नाही. दुसरी, दिलेली माहिती पडताळून पाहायची परवानगी. म्हणून तर तुमच्या कार्यालयात फोन जातो किंवा घरी माणूस येतो. हीही गरजेची.

तिसरीवर थांबा. तिथे 'समूहातील कंपन्या, सहयोगी संस्था आणि सेवा पुरवठादार यांना विपणनासाठी माहिती देण्यास माझी हरकत नाही' अशा अर्थाचं वाक्य असतं. घर घेतल्यावर महिनाभरात विमा, फर्निचर कर्ज आणि क्रेडिट कार्डाचे फोन सुरू होतात, त्यांचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. ते वाक्य पेनाने खोडून बाजूला छोटी सही करता येते. ऑनलाइन अर्जात त्याचा चौकोन बहुधा वेगळा असतो आणि आधीच टिक केलेला असतो, ती टिक काढा. शाखेत कुणी म्हणालं की "सिस्टीम घेत नाही", तर ते वाक्य कर्जासाठी बंधनकारक आहे असं लेखी द्या म्हणा. आम्हाला अजून तसं लेखी कुणी दिलेलं नाही.

४. एजंट म्हणतो, "पॅन आणि आलेला ओटीपी सांगा, दोन मिनिटांत सिबिल काढून देतो." देऊ का?

नको. भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. 'सिबिल' हे त्यातल्या एकाचं नाव, पण बोलताना आपण स्कोअरलाच सिबिल म्हणतो. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यानुसार अहवाल कुणाला मिळू शकतो हे ठरलेलं आहे आणि त्यात तुमचा एजंट बसत नाही. तो तुमचा ओटीपी घेऊन तुमच्याच नावाने आत शिरतो.

त्याला दिसतं ते फक्त ३०० ते ९०० मधला एक आकडा नव्हे. तुमचं प्रत्येक कर्ज, प्रत्येक कार्ड, महिन्यागणिक हप्ता वेळेवर गेला की नाही, जुने पत्ते, जुने फोन नंबर आणि आजवर कुणी कुणी तुमची चौकशी केली, हे सगळं त्यात असतं.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार चारही ब्युरोंकडून दर वर्षी एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो स्वतः काढा आणि स्कोअर सांगायचाच असेल तर तोंडी सांगा.

५. चार बँकांत विचारलं तर स्कोअर पडतो का?

विचारल्याने नाही, अर्ज केल्याने पडू शकतो. संमती घेऊन बँक अहवाल मागवते तेव्हा ती चौकशी नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत अशा नोंदी वाढल्या की स्कोअरवर परिणाम होतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर काही बिघडत नाही. कर्ज मिळवून देणारा मध्यस्थ "सगळीकडे टाकून ठेवू" म्हणतो तेव्हा त्याला दोनच बँकांची नावं लेखी द्या. कुणी तुमचा अहवाल मागवला की ब्युरोने एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं असतं. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नका.

६. बँकेने उतारे न मागता 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर'ची लिंक पाठवली. हे सुरक्षित आहे का?

व्यवस्था चांगली आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये तिचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती प्रत्यक्ष सुरू झाली. अ‍ॅग्रिगेटर हा फक्त निरोप्या असतो. तुमच्या खात्याच्या बँकेकडून कुलूपबंद माहिती घेऊन तो कर्ज देणाऱ्या बँकेला पोचवतो. त्याला ती वाचता येत नाही आणि साठवताही येत नाही. पीडीएफ ईमेलवर फिरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

अडचण असते ती घाईत ओटीपी टाकण्यात. संमतीच्या पडद्यावर हेतू, कोणती खाती, कोणत्या काळातला उतारा, संमती कधीपर्यंत, माहिती किती वेळा मागवणार आणि मिळालेली माहिती किती काळ ठेवणार, एवढं लिहिलेलं असतं. कर्ज मंजूर करण्यापुरती चौकशी असेल तर माहिती एकदाच मागवली जायला हवी. तिथे 'दरमहा' आणि 'कर्जाच्या मुदतीपर्यंत' असं लिहिलेलं असेल, तर २० वर्षांच्या कर्जात २० वर्षं तुमचं खातं बँकेसमोर उघडं राहील. तुम्ही किराणा कुठून भरला, कुणाला किती पाठवले, सगळं. हे मान्य असेल तर जरूर द्या, पण वाचून द्या.

यादीत तुमची सगळी खाती दिसतात. पगाराचं खातं पुरत असेल तर बाकीच्यांपुढची टिक काढा. अ‍ॅग्रिगेटरमार्फत संमती देणं ऐच्छिक आहे. नको असेल तर उतारे हाती द्या, थोडा वेळ जास्त लागेल एवढंच.

७. "नेटबँकिंगचा युजर आयडी, पासवर्ड टाका, उतारा आपोआप येईल" असं एक अ‍ॅप म्हणतं.

टाकू नका. पासवर्ड दिला की उतारा पाहायची नाही, तुमच्या जागी बसायची परवानगी दिलीत. आणखी एक, कर्जाचं अ‍ॅप फोनमधले संपर्क, फाइली किंवा कॉलची यादी मागत असेल तर तिथेच थांबा. डिजिटल कर्जासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत याला मनाई आहे. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांचा वापर ओळख पटवण्यासाठी एकदाच आणि तुमच्या संमतीने करता येतो.

८. झेरॉक्स आणि पीडीएफ देताना काय काळजी घ्यायची?

झेरॉक्सच्या कोऱ्या कडेला सही करून उपयोग नाही. मजकुरावरून तिरपं लिहा: 'फक्त अमुक बँकेच्या गृहकर्ज अर्जासाठी', खाली तारीख आणि सही. लिखाणाची एक ओळ फोटोच्या कडेवरून जाऊ द्या, म्हणजे कापून दुसरीकडे चिकटवता येत नाही. अक्षर एवढं गडद नको की पॅन वाचता येणार नाही, नाहीतर बँक परत पाठवते.

फक्त ओळखीसाठी आधार द्यायचं असेल तिथे झाकलेलं आधार चालतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बँकेत आधारवरूनच केवायसी होत असेल तर ते तिथे बोटाचा ठसा किंवा ओटीपी देऊन होऊ द्या, मध्यस्थाच्या मोबाइलवर नको.

आता पीडीएफ. प्राप्तिकर संकेतस्थळावरून उतरवलेल्या वार्षिक माहिती विवरणपत्राचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. ज्याच्याकडे तुमच्या पॅन कार्डाची झेरॉक्स आहे, त्याच्याकडे हा पासवर्ड आहेच. त्या विवरणपत्रात व्याज, लाभांश, शेअरचे व्यवहार असं बरंच असतं. बँकेने नावानिशी मागितल्याशिवाय ते फायलीत लावू नका.

मी स्वतः एकदा घाईत एका दुकानात पेन ड्राइव्ह दिला आणि प्रिंट काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा दुकानदाराच्या पडद्यावर 'डाउनलोड्स' उघडं होतं. वरून तिसरी फाइल माझं पगारपत्रक, खाली चार-पाच अनोळखी माणसांचे बँक उतारे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, फक्त पुसायची सवय नव्हती. तेव्हापासून समोर उभं राहून फाइल पुसून घेतो, कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीच तर 'सगळ्यांसाठी पुसा' करून मोकळं व्हायला हरकत नाही, पण पलीकडे उतरवून घेतलेली प्रत त्याने जात नाही.

९. बिल्डरच्या बुकिंग फॉर्मवर "आमच्या संलग्न बँकांना माहिती देण्यास संमती" असा चौकोन आहे. टिक केली नाही तर फ्लॅट जाईल का?

जात नाही. प्रकल्पाला कुठल्याही बँकेकडून कर्ज घ्यायला तुम्ही मोकळे आहात. बिल्डरच्या ठरलेल्या बँकेत काम लवकर होतं हे खरं, कारण प्रकल्पाचे कागद तिने आधीच तपासलेले असतात. ती बँक हवी असेल तर तिचं नाव लिहून तिच्यापुरती संमती द्या. 'संलग्न बँका' असा मोकळा शब्द ठेवलात तर प्रश्न ५ मधला प्रकार होतो.

१०. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर आहे. एकाच्या सहीवर दोघांची माहिती जाते का?

नाही. प्रत्येक अर्जदाराची आणि जामीनदाराची संमती वेगळी लागते, ओटीपीही ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. सगळ्यांपुढे एकाचाच नंबर टाकायची आपल्याकडे रीत आहे, ती मोडा.

गुंता होतो तो संयुक्त खात्यात. उतारा एकाने दिला तरी दुसऱ्याचे व्यवहार त्यात दिसतात. दुसरी व्यक्ती अर्जात नसेल, म्हणजे भाऊ किंवा आई असेल, तर तिला आधी सांगा. शक्य असेल तिथे पगाराच्या स्वतंत्र खात्याचाच उतारा द्या.

जामीनदाराने हे लक्षात ठेवावं की "फक्त सही" नसते. ते कर्ज त्याच्या क्रेडिट अहवालात दिसतं आणि उद्या त्याला कर्ज हवं असेल तर मोजलं जातं.

११. मी विकतोय. माझं कर्ज अजून बाकी आहे आणि खरेदीदाराची बँक माझ्या कर्जाची माहिती मागते. किती द्यायची?

असे व्यवहार रोज होतात. खरेदीदाराची बँक तुमची बाकी थेट तुमच्या बँकेला भरते आणि मूळ कागद ताब्यात घेते. त्यासाठी तिला तीन गोष्टी लागतात: शिल्लक रकमेचं पत्र, कर्ज बंद करण्याची अट आणि मूळ कागदपत्रांची यादी. तुम्ही किती हप्ते चुकवलेत, पगार किती, हे तिला नको असतं. म्हणून कोऱ्या कागदावर सही देऊ नका. स्वतःच पत्र लिहा, साधारण असं:

"प्रति, शाखाधिकारी. विषय: गृहकर्ज खाते क्रमांक अमुक याची मर्यादित माहिती देण्याबाबत. सदनिका क्रमांक अमुकच्या विक्रीसाठी मी पुढील माहिती अमुक बँकेच्या अमुक शाखेस देण्यास संमती देत आहे: दिनांक अमुकअखेर शिल्लक रक्कम, खाते बंद करण्यासंबंधीचे पत्र आणि आपल्या ताब्यातील मूळ कागदपत्रांची यादी. माझी इतर खाती, ठेवी किंवा परतफेडीचा इतिहास देण्यास ही संमती नाही. माहिती त्या शाखेच्या अधिकृत ईमेलवर किंवा माझ्या हाती द्यावी, मध्यस्थाकडे देऊ नये. ही संमती दिनांक अमुकपर्यंत वैध आहे."

पत्रात 'शिल्लक' लिहा, 'थकीत' नको. थकीत म्हणजे हप्ता चुकलेला. एका शब्दावरून खरेदीदाराच्या बँकेने स्पष्टीकरण मागवलेलं आम्ही पाहिलं आहे. पोचपावतीचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या.

पॅन मात्र खरेदीदाराला द्यावाच लागतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापून तो त्याला तुमच्या पॅनवर भरायचा असतो. पॅन चुकला तर तुमचा कर दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

१२. मुलगा परदेशात आहे. त्याच्या वतीने मी बँकेत माहिती देऊ आणि घेऊ शकतो का?

वडील म्हणून नाही, मुखत्यार म्हणून. मुखत्यारपत्रात 'खरेदीखतावर सही करणे' एवढंच असेल तर खात्याची माहिती मिळणार नाही. कर्ज अर्ज, उतारे आणि क्रेडिट माहितीसाठी संमती देणं हे अधिकार त्यात शब्दांत यावे लागतात. 'सर्व आर्थिक व्यवहार' असा मोघम अधिकार मात्र घालू नका, एका सदनिकेपुरतं विशेष मुखत्यारपत्र करा. परदेशात केलेलं पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. कुरिअरचं पाकीट तारखेसाठी जपून ठेवा.

आणि मुखत्यारपत्र असलं तरी मुलाच्या फोनवर आलेला ओटीपी त्यानेच टाकायचा.

१३. दिलेली संमती मागे घेता येते का?

येते, पण पुढच्यापुरती. अ‍ॅग्रिगेटरच्या अ‍ॅपमध्ये एका बटणाने रद्द होते. बँक, बिल्डर किंवा कंपनीला ईमेलने कळवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बँक खात्याचा तपशील संवेदनशील माहितीत धरला आहे आणि लेखी कळवून संमती मागे घेण्याची सोय आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यापुढे जातो: संमती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणं सोपं असावं आणि सूचना मराठीतूनही मिळण्याचा पर्याय असावा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीविषयीची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

मागे घेता येत नाही ते असं: चालू कर्जाची माहिती ब्युरोला जाणं, आधी झालेल्या चौकशीची नोंद आणि बँकेने कायद्याने ठेवायचे कागद. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यामुळे केवायसीचे कागद खातं बंद झाल्यावरही किमान ५ वर्षं ठेवावे लागतात. अर्ज मंजुरीच्या मध्यावर असताना संमती काढलीत तर अर्ज तिथेच थांबेल, हेही धरून चाला.

१४. अर्ज नामंजूर झाला. माझे कागद परत मिळतील का?

मूळ कागद दिले असतील तर मागा, ते मिळायलाच हवेत. झेरॉक्स सहसा मिळत नाहीत. मध्यस्थाकडचा संच मात्र हक्काने परत घ्या, कारण तोच संच पुढच्या बँकेत न विचारता जातो.

१५. माझ्या फ्लॅटची किंमत शेजाऱ्याला कळली. मी तर कुणाला संमती दिली नव्हती!

इथे संमतीचा प्रश्नच येत नाही. नोंदणी झालेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला 'इंडेक्स टू', कुणालाही शोधता येतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यातच ही पुस्तकं पाहणीसाठी खुली ठेवली आहेत. त्यात पक्षकारांची नावं, मालमत्तेचं वर्णन, मोबदला आणि भरलेलं मुद्रांक शुल्क दिसतं. घर गहाण असेल तर ती नोंद 'सरसाई' या केंद्रीय नोंदवहीत शुल्क भरून पाहता येते. चिडू नका. तुम्ही घर घेताना आधीचा बोजा कळतो तो याच नोंदींमुळे.

१६. भाड्याने घर घेतोय. मालकाला सहा महिन्यांचे बँक उतारे हवेत.

एवढं देऊ नका. नोकरीचं पत्र आणि एक पगारपत्रक दाखवा. द्यावंच लागलं तर कपातींच्या आणि खाते क्रमांकाच्या ओळी झाकून द्या. मालक अडूनच बसला तर लॅपटॉपवर उतारा दाखवा, प्रत देऊ नका.

१७. माझ्या नावावर मी न केलेली चौकशी किंवा कर्ज दिसतंय. काय करू?

आधी क्रेडिट अहवालाची प्रत तारखेसह जतन करा. मग संबंधित ब्युरो आणि ज्या संस्थेची नोंद आहे ती, दोघांकडे एकाच दिवशी लेखी तक्रार करा आणि "माझं संमतीपत्र दाखवा" अशी मागणी करा. हे वाक्य लिहाच, कारण त्यांच्याकडे ते नसेल तर प्रकरण तिथेच वळतं. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. क्रेडिट ब्युरोही त्याच्या कक्षेत येतात, आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर यातलं काही करण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.